कथेवरचा विश्वास आणि इतिहासाचा पुरावा : अकोट ते रिद्धपूर

प्रास्ताविक

अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या कड्यावर नरनाळा किल्ला उभा आहे. किल्ल्यावर लहानमोठे अनेक तलाव असून त्यांपैकी एकाच्या तळाशी परीस आहे, अशी जुनी लोकसमजूत आहे. इ.स. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात हा तलाव आटला, तेव्हाही परीस मिळाला नाही, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आढळते. दंतकथेची अशी प्रत्यक्ष परीक्षा होण्याचा योग क्वचितच येतो. तथापि तळ उघडा पडल्यानंतरही कथा संपली नाही. परीस हा दिसण्यात साध्या दगडासारखाच असतो, अशी कल्पना असल्यामुळे तो न सापडणे हा तो नसल्याचा पुरावा ठरत नाही. कथेची रचनाच अशी आहे की, तिला खोटे पाडू शकेल असा कोणताही प्रसंग तिच्या वाट्याला येऊ नये.

परिसाच्या कथेवर विश्वास ठेवल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु एखाद्या व्यक्तीविषयी, लढाईविषयी अथवा संपूर्ण समाजाविषयी सांगितलेली गोष्ट याच पद्धतीने विश्वासास पात्र ठरू लागली, म्हणजे प्रश्न गंभीर होतो. एखादे विधान खरे असणे आणि ते खरे वाटणे या दोन भिन्न बाबी होत. इतिहासाच्या अभ्यासात पहिल्या बाबीची चर्चा विपुल झाली आहे. दुसरीकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. अकोट ते रिद्धपूर या पट्ट्यातील काही दाखल्यांच्या आधारे या दुसऱ्या बाबीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नरनाळ्याचा दरवाजा व फरिश्त्याचा एक शब्द

नरनाळा किल्ला कोणी बांधला, या प्रश्नाला स्थानिक परंपरेत एकाहून अधिक उत्तरे आहेत. नरनाळसिंह नावाच्या राजाशी किल्ल्याच्या नावाचा संबंध जोडला जातो. गोंड राजांचेही नाव घेतले जाते. स्थळाच्या नावावरून पूर्वपुरुष कल्पिणे ही भारतभर आढळणारी प्रवृत्ती असल्याने केवळ नामसाधर्म्याला पुरावा मानता येत नाही.

याउलट महाकाली दरवाजावरील लेख बहामनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशाहाच्या कारकिर्दीतील असून त्याचा काळ हिजरी ८९२, म्हणजे इ.स. १४८७ च्या सुमाराचा आहे. दगडात कोरलेली तारीख निःसंशय वाटते, आणि बहुतांशी ती तशी असतेही. परंतु हा लेख दरवाजाचा आहे, किल्ल्याचा नव्हे, हे ध्यानात घेतले जात नाही. अनेक प्रवासवर्णनांतून व पुस्तिकांतून दरवाजाची तारीख हळूच किल्ल्याची तारीख होऊन बसते. पुरावा अस्सल असला तरी त्याच्यावर लादलेले विधान अस्सल असतेच असे नाही.

या संदर्भात फरिश्त्याची साक्ष लक्षणीय आहे. पहिला अहमदशाह बहामनी एलिचपूर येथे मुक्कामास असता त्याने गाविलगड बांधला व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे तो सांगतो. हा प्रसंग पंधराव्या शतकाच्या पहिल्या चरणाच्या अखेरचा. फरिश्ता लिहितो आहे सतराव्या शतकाच्या आरंभी. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अंतर पाहता त्याचे प्रत्येक विधान स्वीकारता येणार नाही. मात्र ‘दुरुस्ती’ हा शब्द वेगळ्या प्रकारचा आहे. सुलतानाच्या पराक्रमाचे वर्णन करणाऱ्या इतिहासकाराला दोन्ही किल्ले नव्याने बांधल्याचे सांगणे अधिक सोयीचे होते. त्याने तसे केले नाही. म्हणून नरनाळा बहामनींपूर्वीचा असावा, हे अनुमान त्याच्या गौरवपर वर्णनापेक्षा त्याने ओघात टाकलेल्या एका शब्दावर अधिक भक्कमपणे उभे राहते. जी गोष्ट साक्षीदाराला सांगायची नव्हती, पण जी त्याच्याकडून सांगितली गेली, ती इतिहासकाराला अधिक मोलाची असते, असे फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी प्रतिपादिले आहे.

अडगावची साक्ष

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटजवळ अडगाव येथे जनरल आर्थर वेलस्ली याच्या सैन्याची नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. भोसल्यांच्या बाजूचे नेतृत्व दुसऱ्या रघूजीचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. या पराभवानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडवरील भोसल्यांचा अधिकार संपुष्टात आला. इंग्रजी साधनांत या गावाचे नाव ‘अर्गाम’ असे झाले आणि पुढे लष्करी पदकाच्या पट्टीवरही तेच कोरले गेले.

या लढाईच्या आरंभी एक विलक्षण प्रसंग घडला. दोन महिन्यांपूर्वी असईच्या रणांगणावर खंबीरपणे लढलेल्या पलटणींपैकी जवळजवळ तीन पलटणी तोफांचा मारा सुरू होताच फुटून मागे पळाल्या. वेलस्लीने त्यांना सावरून पुन्हा उभे केले. ही हकीकत २ डिसेंबर १८०३ रोजी मेजर शॉ यास लिहिलेल्या त्याच्याच पत्रात आहे. स्वतःच्या सैन्याची नाचक्की कोणता सेनापती आपण होऊन लिहील? या एका विचाराने वाचक पत्रातील सर्व मजकूर स्वीकारण्यास प्रवृत्त होतो. स्वहिताविरुद्ध दिलेली साक्ष खरी मानावी, हा न्यायालयातही मान्य असलेला संकेत आहे.

परंतु हेच पत्र पुढे असेही सांगते की, आपण तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता. म्हणजे सैन्याच्या पळण्याची कबुली ही सेनापतीच्या कर्तबगारीची पार्श्वभूमीही आहे. शिवाय शॉ हा गव्हर्नर जनरलचा चिटणीस होता आणि गव्हर्नर जनरल हा आर्थर वेलस्लीचा सख्खा थोरला भाऊ. पत्र कोणाच्या दृष्टीस पडणार, हे लिहिणारा जाणून होता. यावरून पलटणी पळाल्याच नाहीत, असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र ‘पळाल्या’ हे विधान आणि ‘माझ्यामुळे वाचलो’ हे विधान एकाच वाक्यसमूहात आले तरी दोहोंची विश्वसनीयता सारखी नाही. पहिल्याच्या कडेवर बसून दुसरे वाचकाच्या मनात प्रवेश करते. कबुलीच्या आश्रयाने आत येणारा दावा ओळखणे हे साधनचिकित्सेतील सर्वांत कठीण काम होय, आणि वेलस्लीच्या चरित्रकारांनाही ते नेहमी साधलेले दिसत नाही.

‘मानभाव’ : एका बदनामीचा प्रवास

आतापर्यंतचे दाखले किल्ल्याचे व लढाईचे होते. महानुभाव पंथाच्या बाबतीत एका खोट्या कथेने हाडामांसाच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या त्रास दिला.

इ.स. १८८१ च्या वऱ्हाडच्या जनगणनेचा अहवाल युस्टेस किट्स या इंग्रज अधिकाऱ्याने सिद्ध केला. त्यात ‘मानभाव’ या नावाखाली पंथाच्या उत्पत्तीची एक कथा दिली आहे. चौदाव्या शतकात पैठणच्या राजाचा गुरू असलेला कृष्णभट नावाचा ब्राह्मण मांग जातीच्या स्त्रीशी संबंध ठेवल्यामुळे बहिष्कृत झाला, त्याच्या संततीपासून हा पंथ निघाला आणि ‘मांगभाऊ’ या शब्दावरून ‘मानभाव’ हे नाव पडले, असा तिचा आशय. कृष्णभटाजवळ एक जादूची टोपी होती व ती घातली की तो श्रीकृष्णासारखा दिसे, असाही तपशील या कथेला चिकटलेला आहे. पुढे रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जाती-जमातींविषयीच्या १९१६ च्या ग्रंथाने किट्सच्या आधारे ही कथा पुन्हा छापली.

ही कथा विश्वसनीय का वाटली असावी? तिच्यात सन-शतक आहे, पैठणसारखे प्रतिष्ठित स्थळ आहे, राजाचा गुरू आहे आणि शब्दाची व्युत्पत्तीही आहे. व्युत्पत्तीचा परिणाम फार मोठा असतो. नावातच इतिहास दडलेला आहे असे एकदा वाटले की पुढील शोध घेण्याची गरज उरत नाही. जादूची टोपी मात्र आधुनिक वाचकाला खटकावी. परंतु शासकीय अहवालात तिला ‘लोक असे सांगतात’ या वर्गात ढकलून उरलेला भाग वस्तुस्थिती म्हणून ठेवणे शक्य झाले. कथेतील एक अविश्वसनीय अंश बाजूला काढला की शेष अंश आपोआप चाळून निघाल्यासारखा भासतो. वस्तुतः त्याची कोणतीही चाळणी झालेली नसते.

याहून प्रबळ कारण भाषेतच होते. ‘करणी कसाबाची आणि बोलणी मानभावाची’ ही म्हण वऱ्हाडात व अन्यत्र रूढ होती. ढोंगी नम्रतेसाठी ‘मानभावी’ हे विशेषण मराठीत आजही सर्रास वापरले जाते. वापरणाऱ्यास त्यामागील पंथाचे भानही नसते. ज्यांच्याविषयी भाषेनेच पूर्वनिर्णय देऊन ठेवला आहे, त्यांच्याविषयीची निंदाव्यंजक कथा नवी वाटत नाही, ओळखीची वाटते; आणि ओळखीचे ते खरे असा मनाचा सहज कल असतो. वेदप्रामाण्य, जातिभेद व बहुदेवतोपासना यांना नकार देणाऱ्या पंथाच्या संस्थापकाला जातीच्याच मापाने हीन ठरविणारी ही कथा कोणत्या गोटात जन्मली असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अहवालकर्त्याने ती रचली नाही. त्याने तिला आकड्यांच्या शेजारी बसविले, आणि जनगणनेतील आकड्यांची प्रतिष्ठा तिला लाभली.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे व ती नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पंथाचे स्वतःचे ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. परक्याच्या हाती पवित्र ग्रंथ पडू नये, हा हेतू समजण्याजोगा आहे. पण त्यामुळे पंथाविषयी बाहेर जे बोलले जाई, त्याला उत्तर देणारा कागद उपलब्धच नव्हता. चक्रधरस्वामींचे नाव असलेले शेकडो पृष्ठांचे साहित्य रिद्धपूरच्या व अन्य मठांत असताना शासकीय अहवालात संस्थापक म्हणून भलत्याच पुरुषाचे नाव छापले गेले. रिकाम्या राहिलेल्या जागेत विरोधकांची कथा येऊन बसली.

म्हाइंभटांची पद्धती

इ.स. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर हे साहित्य अभ्यासकांना खुले होऊ लागले. य. खु. देशपांडे, ह. ना. नेने व डॉ. वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांमुळे त्याचे खरे स्वरूप स्पष्ट झाले. बखरींच्या विश्वसनीयतेवर १८९८ मध्ये कठोर प्रहार करणाऱ्या राजवाड्यांच्याच हातून, सर्वस्वी मौखिक आठवणींवर उभ्या असलेल्या गद्यवाङ्मयाचे दार उघडावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

‘लीळाचरित्र’ हा म्हाइंभटांचा ग्रंथ सामान्यतः शके १२००, म्हणजे इ.स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र राहिले होते. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, स्वामींच्या आठवणींत मग्न असत. त्या आठवणी लिहून ठेवण्याची कल्पना म्हाइंभटांना तेथे सुचली. परंपरा असे सांगते की, भटोबासांनी सांगितलेली प्रत्येक लीळा त्यांनी तशीच स्वीकारली नाही. जी घटना ज्याच्या समक्ष घडली, त्याच्याकडे गावोगाव जाऊन त्यांनी ती पुन्हा विचारली आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरी येथे बसून ग्रंथ सिद्ध केला. गुरुबंधूंमध्ये अग्रगण्य असलेल्या आचार्यांच्या स्मरणालाही दुसऱ्या साक्षीची जोड हवी, ही तेराव्या शतकातील एका श्रद्धावान शिष्याची भूमिका थक्क करणारी आहे. थुसिडिडीसने आपल्या युद्धेतिहासाच्या आरंभी प्रत्यक्षदर्शींच्या कथनातील विसंगतीची तक्रार केली आहे. म्हाइंभटांनी तक्रार केली नाही, ते चालत गेले.

ग्रंथाच्या विभागणीकडेही या दृष्टीने पाहता येते. ‘एकांक’ या भागात स्वामींच्या एकाकी भ्रमंतीचा काळ येतो. त्या काळाला शिष्य साक्षीदार नाही, जे आहे ते स्वामींनीच प्रसंगपरत्वे सांगितलेले. ‘पूर्वार्धा’त बाइसा आदी शिष्यांचा सहवास सुरू झाल्यानंतरच्या लीळा आहेत, तर ‘उत्तरार्धा’त नागदेवाचार्य सन्निध आल्यानंतरच्या. विभागणी कालानुक्रमाची आहे हे खरेच. पण ती साक्षीच्या प्रकारांचीही आहे. उत्तरार्धातील संभाषणे, भोजनाचे तपशील, देवळाच्या कोणत्या बाजूस आसन होते याचे उल्लेख दाट आहेत, आणि एकांकात अद्भुताचे प्रमाण अधिक आहे. वाचकाला हा फरक जाणवतो. ग्रंथकाराने तो झाकण्याचा प्रयत्न केलेला नाही.

मराठी भाषेची निवडही येथे विचारात घ्यावी लागते. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा व्यक्त केली असता, त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, म्हणून भटोबासांनी त्यांना रोखले, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याचा अर्थ सहसा लोकाभिमुखतेच्या अंगाने लावला जातो. परंतु महदाइसेसारख्या स्त्रिया केवळ श्रोत्या नव्हत्या, अनेक प्रसंगांच्या त्या साक्षीदार होत्या. संस्कृतात लिहिलेली लीळा त्यांना तपासता आली नसती. साक्षीदाराला कळेल अशा भाषेत साक्ष नोंदविणे, हा विश्वसनीयतेचा एक साधा व मूलभूत नियम होय. आजही कचेरीत न समजणाऱ्या भाषेतील जबाबावर अंगठा उमटविणारी माणसे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटते.

पाठभेद आणि ‘शोध’

म्हाइंभटांची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, असे पंथीय परंपरा मानते. त्यानंतर शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसेच्या पाठांतरावर आधारलेला पाठ, परशरामबासांचा पाठ अशा निरनिराळ्या परंपरा त्यातून निर्माण झाल्या. मूळ प्रत गेली आणि स्मरणाचे अनेक पाठ उरले, ही परिस्थिती कोणत्याही ग्रंथाच्या प्रामाण्याला घातक ठरावी. सामान्यतः अशा वेळी एखादा अधिकारी पुरुष एक पाठ प्रमाण ठरवितो आणि बाकीचे नाहीसे होतात. पुढील पिढ्यांना मग एकच गुळगुळीत कथा मिळते व तीच मूळची वाटते.

महानुभाव लेखकांनी असे केले नाही. पोथ्यांतून एकाच लीळेखाली अमक्याच्या मते असे, एका ‘वासने’नुसार तसे, असे पाठभेद नोंदविलेले आढळतात. मागाहून उपलब्ध झालेली माहिती ‘शोध’ या संज्ञेने वेगळी दाखविली जाते. श्रद्धेचा विषय असलेल्या चरित्रात स्वामी नेमके काय म्हणाले याविषयी दोन मते आहेत, हे मान्य करून दोन्ही जपणे सोपे नव्हते. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी रचलेली ‘स्थानपोथी’ हे याच वृत्तीचे फळ होय. स्वामींचा जेथे जेथे संचार झाला, त्या गावांतील देवळे, त्यांची दारे कोणत्या दिशेस, कोणत्या ओट्यावर आसन, याची तीत बारकाईने नोंद आहे. रिद्धपूर किंवा अळजपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे उभे राहून वाचकाला ही वर्णने पडताळता येतात, निदान जेथे जुन्या वास्तू शिल्लक आहेत तेथे.

किट्सची कथा एकसंध आहे, तिच्यात कोठेही खाच नाही. लीळाचरित्र मात्र जागोजाग फाटलेले व ठिगळ लावलेले दिसते. प्रथमदर्शनी वाचकाचा कौल पहिल्या प्रकारच्या कथेला मिळतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

पडताळणी करणाऱ्याची पडताळणी

येथे एक आक्षेप येतो व तो टाळता येण्यासारखा नाही. म्हाइंभट गावोगाव फिरून साक्षी गोळा करीत, हे आपणास कोण सांगते? पंथाचेच वाङ्मय. ग्रंथाच्या विश्वसनीयतेचा दाखला त्याच परंपरेतील दुसऱ्या ग्रंथाकडून घेणे हे वर्तुळात फिरणे होय. काळजीपूर्वक चौकशी केल्याची हकीकत हीसुद्धा एक कथाच आहे, आणि वाचकाचा विश्वास संपादन करण्याचे तिच्याइतके प्रभावी दुसरे साधन नाही.

यावर उत्तर एवढेच की, पंथाबाहेरील साधनांशी तुलना करता येईल तेथे ती करावी. यादव राजा महादेव याच्यानंतर त्याचा पुत्र आमण गादीवर आला व रामचंद्राने त्याला पदच्युत केले, ही घटना महानुभाव वाङ्मयात येते. रामचंद्रदेवाच्या पैठण ताम्रपटातही आमणाकडून राज्य बळाने घेतल्याचा उल्लेख आहे. ताम्रपट राजाच्या गौरवासाठी कोरलेला, तर लीळांना राजकारणाशी कर्तव्य नाही. दोघांचा परस्परांशी संबंध नाही. अशा ठिकाणी म्हाइंभटांच्या माहितीचा कस लागतो व ती उतरते. मात्र त्यावरून भडोच येथील हरिपाळदेवाच्या मृत्यूनंतर त्याच्या देहात चांगदेव राउळांनी प्रवेश केला, ही अवतारकथा सिद्ध होत नाही. राजकीय उल्लेख खरा ठरला म्हणून अद्भुत प्रसंगही खरा, असे मानणे म्हणजे वेलस्लीच्या पत्राबाबत होणारी चूकच पुन्हा करणे होय. तसेच अद्भुत प्रसंग आहे म्हणून सगळा ग्रंथ त्याज्य, हेही तितकेच घाईचे. प्रत्येक लीळेला तिच्या साक्षीदारासह स्वतंत्रपणे उभे करून प्रश्न विचारावे लागतात, आणि ते काम अद्याप पूर्ण झालेले नाही.

किट्सच्या कथेपुरते सांगायचे तर कालगणनेपुढे ती टिकत नाही. जो पंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूर येथे आपल्या संस्थापकाचे चरित्र लिहीत होता, त्याची स्थापना चौदाव्या शतकातील कृष्णभटाने करणे शक्य नाही. विसाव्या शतकातील संशोधनाने हे निर्णायकपणे दाखविले आहे. ‘महानुभाव’ हा शब्द ‘महान’ आणि ‘अनुभाव’ यांपासून सिद्ध होतो व आरंभीचे अनुयायी आपल्या मार्गाला ‘परमार्ग’ म्हणत, हेही सर्वमान्य झाले आहे. ‘मानभावी’ हे विशेषण मात्र शब्दकोशांत जुन्याच अर्थाने नांदते आहे आणि मराठी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून ते अजूनही वापरले जाते.